बापाची राखण

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात दोनच पिकं जोमानं आली. एक बोंडअळी आणि दुसरं शिबिरं. बोंडअळी निदान भाषण करत नसे.

घाटंजीहून आत वळणारी एस.टी. जिथं थांबून दम खाते, त्या गावच्या शाळेतही एक शिबिर झालं. शेजारच्या गावात नुकताच एक माणूस गेला होता. कसा गेला हे कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. म्हणून एका संस्थेनं श्रेयस नावाचा तरुण पाठवला. मुलगा मनानं चांगला होता आणि त्याच्या शर्टाची इस्त्री तर फारच चांगली होती. त्यानं गावाला समजावलं की घरच्या कर्त्या माणसाशी वाद घालू नका, कापसाच्या भावाचा विषय काढू नका, गोड बोला आणि त्याला नजरेआड होऊ देऊ नका. आता नजर ठेवायची कोणी? बाया वेचणीला जातात, म्हाताऱ्यांना दिसत नाही. मुलं मोकळीच असतात. तेव्हा प्रत्येक मुलाला 'दक्षता दूत' असा बिल्ला आणि लाल फितीची शिट्टी मिळाली. बाप उदास दिसला की फुंकायची.

मग त्याच मुलांना ताण घालवण्यासाठी डोळे मिटून लांब श्वास घ्यायला शिकवलं.

आधी डोक्यावर गाठोडं द्यायचं आणि मग मान कशी सैल सोडावी ते शिकवायचं, ही पद्धत शाळेतल्या शिक्षिका रत्नप्रभाबाईंना काही पचली नाही. त्या यवतमाळच्या, कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या घरातल्या. सरकारी कागदाला उलट बोलायचं नसतं हे त्यांना बाळकडूतच मिळालं होतं. त्या गप्प राहिल्या. सहावीतली सुरभी दिसेपर्यंत.

सुरभी म्हणजे नानाजीभाऊंची मुलगी. एरवी वर्गात तिचा आवाज रस्त्यावर जाई. आता ती वेणीचं टोक चावत खिडकीबाहेर बघे, सकाळी तिचं पोट दुखे, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की खिचडीला हात न लावता शेताकडे पळे. परत येई ती धापा टाकत. बाईंनी एकदा तिला थांबवून विचारलं, तेव्हा ती चपलेनं माती उकरत राहिली आणि म्हणाली, "बाबा दिसले पायजेत, मॅडम. नाई दिसले अन् काई झालं, त माह्यावर येते ना."

बाईंनी तिला आधी पाणी पाजलं.

श्रेयस पुढच्या फेरीला आला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेऊन हे सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, मुलगी जबाबदार झाली की! वार्षिक कार्यक्रमात आपण तिला उत्कृष्ट दूताचं बक्षीस देऊ. यावर बाईंनी नानाजीभाऊंशीच बोलायचं ठरवलं. गावातल्या जाणत्यांनी त्यांना हात जोडून थांबवलं. त्याला कळू देऊ नका, तो मनाला लावून घेईल, असं सगळ्यांचं मत पडलं. नानाजीशी काय बोलावं यावर अख्ख्या गावाचं मत होतं. नानाजीशी बोललं मात्र कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुरभी पळाली तशा बाईही साडी खोचून तिच्यामागे निघाल्या.

नानाजीभाऊ विहिरीपलीकडे, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाआड बसले होते. एका हातात भाकर, आणि दुसऱ्या हातानं ते स्वतःचा गळा चाचपत होते. बाईंना बघून त्यांनी भाकर लपवली. घरी जेवत नाही का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या. खरं सांगा. मले कोनता रोग झाला?"

कसला रोग, असं बाईंनी विचारलं. मग नानाजीभाऊंचं सगळं साचलेलं बाहेर आलं. त्यांची बायको कोकिळा. लग्न झाल्यापासून या माउलीनं त्यांना धड चहासुद्धा दोन शब्द सुनावल्याशिवाय दिला नव्हता, आणि आता ती "आनखी घेता का हो?" असं विचारत होती. त्यांनी मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन घर तुडवलं, तर तिनं हसून पुसून काढलं. भाऊकीतला जन्माचा वैरी रस्त्यात थांबून तब्येत विचारून गेला. ते आले की बोलणारी माणसं गप्प होतात. माणसाशी असं कधी वागतात? तो चार दिवसांचा सोबती असला की. घरी हा गोडवा गिळवेना, म्हणून ते इथं येऊन बसत आणि गळ्याला कुठं गाठ लागते का ते बघत.

"रोग नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "शिबिर झालं होतं."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिट्टीचं, पोटदुखीचं, खिचडीचं. नानाजीभाऊ आधी हसले. मग त्यांची नजर शेताच्या बांधाकडे, धुऱ्यावर गेली. तिथं सुरभी उभी होती, उन्हात, बोलावल्याशिवाय पुढं न येणारी. त्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं.

त्यांनी तिला जवळ बोलावलं. "माह्या जीवाची राखन तू करून राह्यली? कायले? तू माही माय हायेस का?"

सुरभीनं बापाकडे पाहिलं नाही. जे गावात कोणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. "मंग तुमी काई करनार नाई ना, बाबा?"

नानाजीभाऊंना गोड उत्तर देता आलं असतं. पण गोडाचा त्यांना वीट आला होता.

"मन लागत नाई कधी कधी," ते म्हणाले. "खोटं कायले सांगू. भाव पडला की जीव कावते. पन माह्या जीवाची राखन मी करीन. अन् एकट्यानं नाई जमली, त तुह्या मायले सांगीन, या मॅडमले सांगीन, दवाखान्यात जाईन. मोठ्या मानसाईले सांगीन. तुह्यावर ते नाई. आजपासून बिलकुल नाई."

पोरगी तेव्हा रडली. चांगली मोकळी, नाक ओढत. लांब श्वास वगैरे काही तिनं घेतला नाही.

त्या संध्याकाळी नानाजीभाऊंनी घरी जाऊन बायकोला म्हणे सांगितलं, कोकिळे, भांड. तिनं आधी नाही-नाही केलं. मग जी सुरुवात झाली ती त्या चिखलाच्या पायांपासून, आणि पोचली थेट लग्नातल्या आहेरापर्यंत. मधेच ती रडली, तुमी मेले असते त मी कोनाशी भांडले असते, असं म्हणाली आणि पुन्हा आहेरावर आली. गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन शांतपणे ऐकत उभी राहिली, जशी बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आल्यावर राहतात.

वार्षिक कार्यक्रमाला तालुक्याचे पाहुणे आले. सुरभीचं नाव पुकारलं, पण ती जागची उठली नाही. रत्नप्रभाबाई मात्र उठल्या. घरचं बाळकडू त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवलं.

"माझ्या वर्गातलं मूल बापाचा पहारा करणार नाही," त्या म्हणाल्या. "बक्षीस परत न्या."

श्रेयस हळूच म्हणाला की मॅडम, वरून सूचना आहेत. बाई म्हणाल्या, मग वरच्यांना धुऱ्यावर येऊन उभं राहायला सांगा, ऊन चांगलं आहे. पाहुण्यांनी घसा साफ केला आणि याचे परिणाम होतील असं काहीसं ते पुटपुटले. तेवढ्यात मागून नानाजीभाऊ उठले.

"साहेब, माह्याबद्दल लेकरायले काहून इचारता? मी बसलो ना इथं. मले इचारा. आमी मोठे मानसं एकामेकाईकडं पाहून घेऊ."

त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं उठले. भाऊकीतला वैरीही उठला, पण नानाजीकडे न बघता.

बाईंच्या बदलीचा कागद निघणार अशी बोलवा झाली. बाई म्हणाल्या, निघू दे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुरभीनं दोनदा खिचडी घेतली आणि शेताकडे पाठ करून मैदानात गेली. लंगडीत तिचा पाय टेकला. सगळ्यांनी पाहिला. ती कमरेवर हात ठेवून सगळ्यांशी एकटी भांडत राहिली, की टेकला नाई म्हणजे नाई. मुली न्याय मागायला बाईंकडे धावल्या.

बाईंनीही तो पाय टेकताना पाहिला होता. त्या म्हणाल्या, अजून थोडं भांडून घ्या.