अकरा महिन्यांची परंपरा

संस्कृती असते ती लोकांना, आपल्याला फक्त निरीक्षणशक्ती, अशा थाटात मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात अकरा महिने बसलो. मी मानवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पेन्शन वेळेवर, गुडघे अवेळी. मालक म्हणाले होते, "आमच्या माणसांच्या कामाच्या सवयींवर एक अहवाल द्याल का?" मी 'सवयी' खोडून तिथे 'संस्कृती' लिहिलं आणि हो म्हणालो.

कोपऱ्यात टेबल मिळालं. वही भरू लागली. शिवण घालणारे मामा दोरा तोडताना कुणाशी बोलत नाहीत. खळ लावणारे डबा खुशाल देतात, ब्रश मात्र मागितला की बहिरे होतात. मध्ये अर्धा दिवस मी स्वतः फर्मे जुळवायला बसलो. फर्मा म्हणजे घडी घातलेला छापील ताव. शास्त्रात याला सहभागी निरीक्षण म्हणतात. मुकादम आक्का त्याला 'साहेबांची हौस' म्हणाल्या.

पण खरं घबाड निराळंच होतं. नवा गठ्ठा उचलण्याआधी जो तो बोटाच्या पेरानं टेबलावर तीनदा टकटक करी.

"हे का करता?" मी आक्कांना विचारलं.

"इथं असंच करतात."

अंगावर काटा आला. कारण सांगता येत नाही आणि मोडवतही नाही, ती खरी संस्कृती, हे मी तीस वर्षं वर्गात सांगितलं होतं आणि तीस वर्षं मागच्या बाकावरच्या जांभया मोजल्या होत्या. अहवालात लिहिलं : 'किमान तीन पिढ्यांची परंपरा. टकटक न करणाऱ्याचं चित्त कामात नसतं.' हे दुसरं वाक्य मला इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती झोपली होती.

टकटक न करणारी कारखान्यात एकच बाई होती. तीन आठवड्यांपूर्वी महिन्याच्या बोलीवर घेतलेली. सगळे तिला 'नवी' म्हणत. त्याच सुमारास एका पुस्तकाच्या चाळीस प्रती परत आल्या, प्रत्येकीत मधला एक फर्मा उलटा. मालकांनी अहवाल उघडला, माझ्या लाडक्या वाक्यावर बोट ठेवलं आणि ठरवून टाकलं : शनिवारी नवीला निरोप.

शुक्रवारी जेवताना मी हे बायकोला जरा ऐटीतच सांगितलं. शास्त्राचा उपयोग होतो तो असा.

ती म्हणाली, "अहो, पण टकटक तर तुमची आहे."

"माझी?"

"लिहायला बसताना, स्कूटर काढताना, घास घेण्याआधी. आत्ता ताटाशेजारी काय केलंत? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जेवायला बसलात, तेव्हा बाबा दोनदा उठून दार उघडून आले होते."

मी हात पाहिला. मधल्या पेरावर घट्टा होता. इतकी वर्षं मी तो विद्वत्तेचा समजत होतो.

शनिवारी कारखाना उघडताच मी मालकांच्या पुढ्यात उभा. आक्का होत्या, हातात शिवणीचा दोरा घेऊन मामा होते आणि दाराशी पिशवी छातीशी धरून नवी.

"ही परंपरा माझी आहे," मी म्हणालो. "अकरा महिन्यांची."

"ते आम्हाला माहितीय की," आक्का म्हणाल्या. "पोरांनी तुमची नक्कल म्हणून सुरू केलं. त्या आठवड्यात एकही पुस्तक परत आलं नाही. मग सोडायची कुणाची छाती?"

"पण मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, का करता. कुणाचं बघून करता, असं कुठं विचारलंत?"

मालक घड्याळ पाहू लागले. "ते असू द्या. फर्मा उलटा लागला, त्याचं काय?"

गठ्ठा जुळवणारा त्यासोबतच्या चिठ्ठीवर आपली खूण करतो. ती चिठ्ठी कुणी पाहिलीच नव्हती. अहवाल एवढा पटला होता. आक्कांनी खण उपसून ती काढली, लांब धरून पाहिली आणि माझ्या हातात दिली. नवीची खूण फुली. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : स. नि.

सहभागी निरीक्षण. तीनदा ठोकून, पूर्ण चित्त लावून, मी चाळीस फर्मे उलटे ठेवले होते.

"माझंच," मी म्हणालो. एवढा छोटा अहवाल मी आयुष्यात दिला नव्हता.

मामा दोरा तोडतानासुद्धा हसले. मालकांनी नवीला पिशवी खाली ठेवायला सांगितलं. तिनं ती ठेवली, पण बोटं बंदावरून सुटायला जरा वेळ लागला.

सोमवारी मी अहवाल दुरुस्त करायला गेलो. नवी जागेवर बसली, गठ्ठा ओढला आणि टेबलावर तीनदा टकटक केली.

"अहो, आता कशाला?" मी विचारलं. "कुठून आलं ते कळलं ना?"

"कळलं की. पण सगळी करतात. मी एकटीच कशाला वेगळी बसू?"

तीस वर्षांच्या व्याख्यानांत मला हे इतक्या थोडक्यात जमलं नव्हतं. लिहून घ्यावं म्हणून घाईनं वही उघडली. पेनाआधी हात टेबलावर गेलाच.

"नीट मोजा हं, साहेब," पलीकडून आक्का म्हणाल्या. "आणि वही सुलटी आहे ना, तेवढं बघा."