‘त्याआधी काय होते?’

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, साधे चित्रसुद्धा नाही. मी आहे एक जुना पर्याय. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या ओळीवर माउसचे उजवे बटण दाबले की पर्यायांची उभी रांग उघडते ना, तिच्यात मी राहतो. माझ्या अंगावर तीनच शब्द आहेत: ‘त्याआधी काय होते?’

माझा जन्म चष्म्याच्या दुकानावरच्या एका लहानशा कार्यालयात झाला. तिथे रुग्णवाहिकांना रस्ता दाखवणारा प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम म्हणजे शेवटी ओळीच. त्यातली एखादी ओळ कोणी बदलली की तिची नोंद राहते: कोणी बदलली, केव्हा आणि का. या नोंदी उघडून पाहता याव्यात म्हणून कार्यालयातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी, ज्यांना सगळे नाना म्हणत, एक वेगळा प्रोग्राम मन लावून तयार केला. आम्ही सारे पर्याय त्यांचीच लेकरे. सगळ्यांत वर त्यांनी ठेवला ‘ही ओळ कोणाची?’ आणि लगेच त्याच्याखाली मला.

“हे दोघं भाऊ आहेत,” नाना म्हणायचे. “एकाला विचारलंत, तर दुसऱ्यालाही विचारा.”

नाना होते तोवर माझा थाट होता. काही अडले की ते मला निवडत, आधीची नोंद उघडत, मग तिच्याही आधीची. चहा निवून जायचा, पण मूळ सापडायचे. “हा माझा गुणी पोर,” असे ते मला चारचौघांत म्हणत. तेवढ्यावर मी आठवडाभर फुशारलेला असे.

मग नाना निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. त्यांची खुर्ची कोपऱ्यात सरकली. पुढच्या आवृत्तीत रांग आटोपशीर करायची ठरली, तेव्हा मलाही ‘इतर’ नावाच्या खणात ढकलले. थोरला भाऊ मात्र वरच राहिला आणि त्याचा भाव वधारला. काही बिघडले की एकच प्रश्न, कोणाची? त्याने नाव सांगितले की झाले, उचलली जीभ लावली टाळ्याला! मला त्याचा हेवा वाटे, पण तो खोटे बोलत नसे. ओळीला शेवटचा हात कोणी लावला एवढेच तो सांगे. लोक मात्र समजत की ओळ लिहिणाराही तोच.

तिथेच घात झाला. एका दुपारी एका शिंपीणबाईंना कपडे शिवता शिवता पक्षाघाताचा झटका आला. रुग्णवाहिका वेळेवर निघाली. पण पडद्याने चालकाला रुग्णालयाच्या मागच्या फाटकाकडे नेले, आणि ते फाटक अलीकडेच भिंत घालून बुजवलेले होते. गाडी वळवून, बाजारातून वाट काढत पुढच्या फाटकाशी येईतो फार वेळ गेला. बाई वाचल्या. उजवा हात मात्र पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणले असते तर कदाचित उठला असता.

कार्यालयात त्या ओळीचा शोध लागला. माझ्या भावाला विचारले, आणि त्याने नाव सांगितले ते धाकटीचे. सर्वांत शेवटी नोकरीला लागलेली, म्हणून ती सगळ्यांची धाकटी. साहेब दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. “नाव तुझं आहे. आता मी तरी काय करू?” असे म्हणून ते खिडकीकडे बघत राहिले.

धाकटीने वाद घातला नाही. जागेवर बसूनच तिने घरी फोन केला. “आई, माझ्यामुळे एका बाईंचा हात गेला गं,” एवढेच बोलली आणि राजीनामा लिहायला घेतला. मित्रांनो, मी त्याच पडद्यावर होतो. मला सगळे ठाऊक होते. पण पर्यायाला आपणहून बोलता येत नाही, त्याला कोणीतरी निवडावे लागते. इतके असहाय मला कधीच वाटले नव्हते.

शेजारी चाचण्या घेणाऱ्या ताई बसत. त्या जुन्या, नानांच्या वेळच्या. त्यांनी विचारले, “अगं, पण तू ही ओळ लिहिलीस तरी कशाला?”

“तेच आठवत नाही, ताई. मागे फाटक आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.”

ताई थबकल्या. “ओळींमधली मोकळी जागा सारखी करायचं काम साहेबांनी तुलाच दिलं होतं ना?”

“हो, आल्या आल्या.”

“मग प्रत्येक ओळीला तुझाच हात लागलाय की! झाडू मारला म्हणून घर बांधल्याचा आळ! नानांनी मागे जायची सोय ठेवली होती बघ. ते ‘इतर’ उघड.”

खण उघडला. माउसचा बाण माझ्यावर येऊन थांबला आणि तिने मला निवडले. मी जीव तोडून मागे गेलो. पडद्यावर नानांची नोंद उघडली: ‘पुढचे फाटक बांधकामासाठी बंद, म्हणून गाड्या मागून. बांधकाम संपले की ही ओळ काढा. मी नसलो तरी काढा.’

साहेब मागे येऊन उभे होते. “म्हणजे चूक नानांची,” ते हळूच म्हणाले.

“नाही साहेब,” धाकटी म्हणाली. “त्यांनी सांगून ठेवलं होतं. आपण कोणी विचारलंच नाही.”

साहेबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “पुढचं फाटक उघडलं, तेव्हा त्या समारंभाला मी गेलो होतो गं,” ते म्हणाले.

राजीनामा फाटला. धाकटीने ओळ काढली. ‘का’ या रकान्यात लोक एरवी ‘दुरुस्ती’ एवढेच खरडून मोकळे होतात. तिने सगळे लिहिले: बुजवलेले फाटक, नानांची राहून गेलेली सूचना आणि शिंपीणबाईंचा उजवा हात.

“बाईंचं कशाला लिहायचं?” साहेब म्हणाले.

“उद्या कोणी इथवर मागे आलं, तर त्याला कळू दे की ही ओळ कोणाला केवढ्याला पडली.”

साहेबांनी ती नोंद पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “राहू दे. माझंही नाव घाल त्यात.”

मला पुन्हा भावाशेजारी आणून बसवले आहे. कौतुकही होते. पण माझ्या मागे मागे कितीही गेलात, तरी त्या बाईंचा हात सापडणार नाही. म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. मागे काही ठेवून जाल, तर कारणासकट ठेवा. आणि कोणाकडे बोट दाखवायची घाई झाली, तर तेच बोट आधी माझ्यावर ठेवा. मी बोलावल्याशिवाय येत नाही, आणि त्या बाईंसाठी मला फार उशिरा बोलावले गेले.