कुम्हार तरियाची बुजलेली वाट

नत्थू खोब्रागडे रेल्वेतून रिटायर झाले, पण चौतीस वर्षांची एक खोड काही सुटली नाही. पाऊस लागला की ते छत्री घेऊन बाहेर पडत. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे ते मेट, म्हणजे मुकादम, होते. रुळाखाली पाणी थांबलं की गिट्टी खचते, म्हणून पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे बघण्यातच त्यांची उमर गेली होती. पावसात त्यांना घरी बसवायचा नाद त्यांच्या बायकोनं, सरिताबाईंनी, केव्हाच सोडून दिला होता.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. पुरानी बस्तीच्या मागच्या अंगाला त्यांचा पारा, म्हणजे मोहल्ला, होता आणि पाऱ्याच्या कडेला कुम्हार तरिया. तरिया म्हणजे तळं. पण अलीकडं होळी उलटली की त्यात भेगाळलेला चिखल तेवढा उरायचा आणि घरोघरचे बोअर खरखर करायचे. लोक म्हणत, पाऊसच कमी झाला. मुलगा यशदीप नव्या रायपुरात सरकारी दफ्तरात होता. तो म्हणायचा, "बाबा, अब शहर बड़ा हो गया, तालाब कौन देखता है।"

नत्थूंना हे पटत नव्हतं. पाऊस कमी म्हणावा, तर आषाढात रस्त्यावर गुडघाभर पाणी कुठून येतं? आणि ते रस्त्यावर तुंबतं, तर दोनशे पावलांवरचं तळं अर्धं रिकामं कसं?

एका दुपारी धो-धो पडत असताना त्यांनी धानाचा कोंडा पिशवीत घेतला आणि रस्त्यावरच्या पाण्यात मूठ-मूठ सोडत चालले. कोंडा तरंगत निघाला आणि दत्तोपंत देशकरांच्या फाटकापाशी येऊन गोल गोल फिरू लागला. तिथं गाडी चढवायला दत्तोपंतांनी सिमेंटचा पक्का उतार बांधला होता. त्या उताराच्या कडेला पाणी भोवरा धरत होतं. नत्थू ओल्या पायजम्यानं तिथंच उभे राहिले. भोवरा म्हणजे खाली पोकळी.

उघडीप मिळताच ते तळ्याच्या काठी गेले. बेशरमाची झुडपं कोयत्यानं सपासप तोडली. आत घडीव दगडांची कमान निघाली, मातीनं गळ्यापर्यंत भरलेली. रस्त्याचं पाणी तळ्यात नेणारी जुनी मोरी होती ती. तिचं वरचं तोंड उताराखाली गाडलं गेलं होतं. नत्थूंना इतका आनंद झाला, की चिखलात बसूनच त्यांनी एक बिडी ओढली.

आता दत्तोपंतांना सांगायचं कसं? पंधरा वर्षं एका गल्लीत राहूनही दोघांत 'कसं काय' याच्या पुढं बोलणं गेलं नव्हतं. दत्तोपंत ट्रेझरीतले बडे बाबू होते, बोलणं मोजकं, मान ताठ. नत्थू संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेले. दत्तोपंतांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की उतार त्यांनी रीतसर बांधला, खाली मोरीबिरी काही नव्हती, आणि आपल्या दारात कोणी खड्डा खणलेला त्यांना चालणार नाही. नत्थू उठायला लागले.

तेवढ्यात आतून दत्तोपंतांच्या पत्नी वनमालाबाई आल्या. हातात फरशी पुसायचा ओला पोचा होता.

"बसा जी, भाऊ," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "तीन वर्षं झाली, पाऊस आला का मी सैपाकघरातून पाणी उपसून राहिली. उतार बांधायच्या आधी येत होतं का हो कधी?"

बायकोच्या हातातल्या पोच्यातून फरशीवर थेंब पडत होते, त्यांच्याकडं दत्तोपंतांनी बघितलं.

"गाडी कशी चढणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"वर लोखंडी जाळी टाकू. मालगाडी चढली तरी हलणार नाही, हे मी तुमाले लिहून देतो," नत्थू म्हणाले.

वॉर्डाचा इंजिनियर येऊन बघून गेला, घरमालकाची हरकत नसेल तर खुशाल उघडा म्हणाला. रविवारी सकाळी पाऱ्यातली वीस-बावीस माणसं कुदळ-फावडी घेऊन जमली. पहिला घाव कोणी घालायचा म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. दत्तोपंतांनी धोतर खोचलं, घण उचलला आणि स्वतःच्या उतारावर असा हाणला, की त्यांचा चष्मा उडून गटारात पडला. मग हसण्याला काही धरबंध राहिला नाही. चार दिवस गाळ उपसणं चाललं. सरिताबाई आणि वनमालाबाईंनी एकाच चुलीवर सगळ्यांसाठी फरे उकडले. फरे म्हणजे तांदळाचे मुटके. पहिल्या दिवशी दोघी अंतर राखून बसल्या होत्या, चौथ्या दिवशी एकीच्या ताटातली चटणी दुसरी घेत होती.

नत्थूंनी मोरीच्या तोंडाला लाकडी फळी बसवली. सरीचं पहिलं पाणी रस्त्यावरची घाण घेऊन येतं, ते तळ्यात जायला नको. रस्ता धुऊन निघाला, की मग फळी उचलायची.

तो दिवस श्रावणात आला. सर कोसळली, सगळे भिजत उभे. दत्तोपंत घाई करू लागले, पण नत्थू रस्त्यातून ओंजळीनं पाणी घेऊन बघायचे आणि मान हलवायचे. चौथ्या ओंजळीला त्यांनी फळी वर खेचली. पाणी घुसलं, मोरी घुमली, आणि सगळा पारा तळ्याकडं धावला. कमानीतून जाडजूड धार तळ्यात कोसळत होती. बघता बघता रस्ता उघडा पडला. दत्तोपंतांनी नत्थूंच्या खांद्यावर हात ठेवला. "नत्थूभाऊ, मी ट्रेझरीत इतकी वर्षं काढली, पण असा भरणा नाही पाहिला."

राखी येईतो तळं काठोकाठ झालं. राखीच्या दुसऱ्या दिवशी भोजली. अंधारात टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर पोरी-बाया डोक्यावर घेऊन गात निघतात आणि तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. गेली तीन वर्षं पाऱ्यातल्या पोट्ट्या त्यासाठी ऑटो करून दुसऱ्या तळ्यावर जात. यंदा त्या घरून पायीच निघाल्या, गाणी म्हणत, पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे उमटवत. नत्थू कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून टोपल्या हातात घेत होते, पोरींचा पाय घसरू नये म्हणून.

छत्तीसगडात त्या दिवशी ज्याच्या कानावर भोजलीचा अंकुर खोवावा, तो जन्माचा मितान, म्हणजे मानलेला मित्र, होतो. मग एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली' म्हणायचं आणि भेटलं की 'सीताराम भोजली' म्हणायचं. वनमालाबाईंनी पाण्यातून दोन अंकुर उचलले आणि सरिताबाईंच्या कानावर खोवले. सरिताबाई गडबडल्या, मग त्यांनीही खोवले. म्हणायच्या वेळी वनमालाबाई जरा थांबल्या. सरिताबाईंच्या घरी तसबीर कुणाची आहे, हे त्यांना माहीत होतं.

"जयभीम, भोजली," त्या म्हणाल्या.

"सीताराम, भोजली," सरिताबाई म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना.

पाण्यात उभ्या नत्थूंकडं कोणीतरी पुढची टोपली केली आणि त्यांनी हात लांब केला.