सातवं वर्तुळ

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं रक्त तपासत होती. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. प्रयोगशाळेत कुणी तसं म्हणालं असतं, तर त्याच्या दंडात तिनं सगळ्यात जाड सुई खुपसली असती. तिथं ती मॅडम होती आणि गरोदर बायकांच्या तपासणीचं टेबल तिच्याकडे होतं.

त्या सोमवारी तिनं नेहमीप्रमाणे सिफिलिसच्या चाचणीचं पांढरं कार्ड पुढ्यात घेतलं. कार्डावर दहा वर्तुळं, दर वर्तुळात एकेका बाईच्या रक्तातलं सीरम आणि त्यावर काळ्या द्रावणाचा एकेक थेंब. मग कार्ड आठ मिनिटं यंत्रावर गरगरत ठेवायचं. थेंब सारखा राखाडी राहिला तर बाई सुटली. काळे कण एकमेकांना चिकटून गोळा झाले, तर संशय. संशयच, कारण ही चाचणी कधीकधी खोटंही बोलते, गरोदरपणात तर जरा जास्तच. म्हणून पुढे पक्की चाचणी करावी लागते.

नऊ वर्तुळं राखाडी होती. सातव्यात दह्यासारख्या गुठळ्या झाल्या होत्या, फक्त काळ्या.

तिनं सातव्या नंबरचा कागद काढला. नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. नाव वहिनीचं होतं, आडनाव मात्र वहिनीच्या माहेरचं. खाली मोबाईलचा नंबर. तो तर तिला पाठच होता.

वहिनीला पाचवा महिना होता, नऊ वर्षांनी दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यातलं रक्त चिमणीनंच काढलं होतं, घरी, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून. तेव्हा सगळं स्वच्छ होतं. मग आता पुन्हा रक्त द्यायला वहिनी कशाला आली? आणि आली ती चोरून, माहेरचं आडनाव लावून?

तिनं नवं कार्ड घेतलं, नवी बाटली फोडली, चाचणी पुन्हा केली. पुन्हा गुठळ्या. शेजारच्या टेबलावर चष्मेवाले काका बसत. त्यांच्याकडे दोन चष्मे होते आणि एकही कधी डोळ्यांवर नसे.

"काय मॅडम, चेहरा का उतरलाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बाटली जुनी वाटतेय."

"परवाच तर आली."

घरच्या माणसाचा नमुना आला की सांगायचं आणि हात काढून घ्यायचा, असा नियम होता. तिनं तो पाळला. डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन म्हणाली, "सात नंबर आमच्यातला आहे. पुढचं काकांना करू दे."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. रिपोर्ट पेशंटचा असतो, पेशंटच्या नणंदेचा नसतो."

नणंद हे आपण म्हणालोच नव्हतो, हे तिला जिना उतरताना सुचलं. तिचा चेहराच बोलला असणार.

तोंड बंद ठेवणं सोपं होतं. डोळ्यांना कोण आवरणार? संध्याकाळी घरी आली तर वहिनी खिडकीशी बसून पडद्यांना काठ घालत होती. घरबसल्या पडदे शिवून द्यायचं तिचं काम होतं.

"चहा ठेवू, चिमे?"

"मी घेते करून."

"कपाला काय झालं? तीनदा विसळलास."

चिमणीनं कप खाली ठेवला. हा रोग कपाबशीतून पसरत नाही, हे तिनंच आजवर शेकडो बायकांना सांगितलं होतं. तरी हात विसळत राहिला, त्याला ती काय करणार!

मनात हिशेब मात्र पक्का मांडला जात होता. दादा लिफ्ट बसवायचं काम करायचा. वहिनीला दुसरा महिना लागला तेव्हा तो परगावी गेला होता, एका उंच इमारतीचं काम घेऊन, आणि दोन महिने तिकडेच होता. चिमणीची पाळी सकाळी सात ते तीन. म्हणजे रोज आठ तास वहिनी घरात एकटी! पडद्यांची मापं घ्यायला लोकांच्या घरी जात होती. कुणाच्या घरी? तिसऱ्या महिन्याची चाचणी स्वच्छ होती, पण लागण झाल्यावर ती रक्तात दिसायला काही आठवडे जातात. सगळं जुळत होतं. संशयाचं गणित असंच असतं, उत्तर आधी लिहायचं आणि मग आकडे भरायचे.

दादा जेवायला बसला. तिला त्याची दया आली. बिचारा, मान खाली घालून जेवतोय, याला काय ठाऊक!

मंगळवारी काकांनी पक्की चाचणी केली. रिपोर्ट त्यांनी पालथा घालून डॉक्टरबाईंकडे नेला. चिमणीनं काही विचारलं नाही. पण काकांनी जेवणाच्या सुट्टीत आपली केळी न मागता तिच्यापुढे ठेवली, तेव्हा तिला कळायचं ते कळलं.

बुधवारी वहिनी अंघोळीला गेली आणि चिमणीनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. दारामागे अडकवलेली वहिनीची पिशवी उघडली. मापाची टेप, रुमाल, लिंबाच्या गोळ्या आणि कप्प्यात चार घड्या घातलेली एक चिठ्ठी. अक्षर पुरुषी, तिरकं.

गुरुवार, साडेअकरा. दुसरा मजला, डावीकडून तिसरं दार. एकट्याच या.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. तिनं चिठ्ठी होती तशी ठेवली, पण घाईत घड्या चारच्या पाच झाल्या.

गुरुवारी तिनं रजा टाकली. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाली आणि समोरच्या केशकर्तनालयाच्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसली. न्हावी दोनदा येऊन सांगून गेला, "बाई, इथं फक्त पुरुषांचे केस कापतो." अकरा वाजता वहिनी निघाली. पोटावर ओढणी पसरलेली, चाल संथ. चिमणी वीस पावलं मागे. वहिनी चौक ओलांडून डावीकडे वळली, औषधांच्या दुकानांची ओळ संपवली आणि एका फाटकातून आत गेली. ते फाटक पाहून चिमणी जागीच थबकली. त्या फाटकातून ती रोज सकाळी कामावर येत होती.

जुन्या इमारतीचा जिना, दुसरा मजला, डावीकडून तिसरं दार. दारावर पाटी नव्हती. समुपदेशकांची खोली मागच्याच महिन्यात इकडे हलवली होती, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं आणि विसरलीही होती. ती खांबाआड उभी राहिली. बाकावर बसलेल्या वहिनीनं मान न वळवताच म्हटलं, "ये, बस चिमे. चालून दमली असशील."

चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चिठ्ठीच्या घड्या मला मोजता येतात गं," वहिनी म्हणाली. "दिवसभर कापडच दुमडते मी."

"मग आडनाव का बदललंस? मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याची बहीण आहेस म्हणून."

वहिनीचा आवाज चढला नाही. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"परगावाहून आला, त्यानंतर महिन्याभरानं त्याच्या तळहातांवर तांबूस डाग आले. आठवतंय? तुलाच दाखवले होते. तू म्हणालीस, ग्रीसची अ‍ॅलर्जी, हातमोजे घाल. मलमही तूच आणून दिलंस. डाग गेले. पण मी रात्री त्याचे तळपाय पाहिले होते. तिथंही होते. पायाला कुठलं ग्रीस लागतं, चिमे?"

तळहात आणि तळपाय. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात या रोगाचं तेच चित्र होतं, रंगीत, अख्ख्या पानावर. दुसऱ्या कुणाचा हात असता तर तिनं त्याला उभ्या उभ्या रक्त द्यायला धाडलं असतं. पण आपला तो बाब्या! भावाचा तळहात तिनं दोन्ही हातांत धरून पाहिला होता आणि तिला ग्रीस दिसलं होतं.

"मला वाटलं, तुझ्या टेबलावर रिपोर्ट आला तर तू तो दाबशील," वहिनी म्हणाली.

"आणि मला वाटलं, तू..."

"ते कळलं मला. कप विसळत होतीस तेव्हाच."

दार उघडलं. तिरक्या अक्षराचे समुपदेशक साठीचे, टकले, मऊ आवाजाचे निघाले. पहिल्या भेटीची चिठ्ठी ते सगळ्यांना तशीच लिहीत, बरोबर आलेल्या माणसापुढे कुणी खरं बोलत नाही म्हणून. वहिनी एकटीच आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण पाठ ताठ.

"तीन इंजेक्शनं, दर आठवड्याला एक. वेळेवर आलात, म्हणाले. बाळाला वाचवता येईल बहुतेक. पण त्यालाही घ्यावी लागतील, नाहीतर मला पुन्हा होईल." मग नणंदेकडे रोखून पाहत म्हणाली, "घरी मी सांगते त्याला. रक्त मात्र तू काढ. मला बघायचंय तुझा हात हलतो का."

शुक्रवारी दादा आला. बाही वर करून बसला आणि भिंतीकडे पाहत राहिला. वहिनी दाराशी उभी होती.

"हे तिच्याकडूनही आलेलं असू शकतं ना मला?" तो हळूच म्हणाला. "तू यातली आहेस, तूच सांग."

चार दिवसांपूर्वी हाच प्रश्न ती स्वतःला विचारत होती आणि उत्तर आधी लिहून बसली होती. तिनं पट्टा आवळला.

"कुणाकडून कुणाला आलं, हे रक्त सांगत नाही, दादा. तोंडानं सांगावं लागतं. मूठ वळ."

सुई आत गेली. नळी भरत असताना तो भिंतीलाच म्हणाला, "तिकडे काम लांबलं होतं. एकदाच झालं."

वहिनीनं ते ऐकलं. ती आत आली, टेबलावरचा कापूस उचलून चिमणीच्या हातात दिला आणि निघून गेली. चिमणीचा हात हलला नव्हता. घरी जाताना मात्र ती भर रस्त्यात रडली.

दादाचं रक्त तसंच निघालं. दोघांनी तीन-तीन इंजेक्शनं घेतली, वेगवेगळ्या दिवशी, कारण त्याच्या शेजारी बाकावर बसायला वहिनी तयार नव्हती. ती आपली उशी घेऊन चिमणीच्या खोलीत आली. दादानं फुलं आणली, ती दोन दिवसांनी सुकली. तो कामावरून पाच मिनिटं उशिरा आला की वहिनी घड्याळाकडे पाही, बोलत नसे. त्याचा फोन वाजला की तिची शिवणाची सुई थांबे. चिमणीवरही तिचा लगेच विश्वास बसला नाही. पुढच्या प्रत्येक तपासणीचा कागद ती डॉक्टरबाईंच्याच हातून घेई आणि स्वतः वाचल्यावर मग नणंदेला देई. चिमणीनं ते मुकाट्यानं सोसलं. पिशवी उघडली होती तिनं, मग बोलायचं कुठल्या तोंडानं!

मुलगी झाली. अडीच किलोची, रडकी आणि धडधाकट. डॉक्टरांनी तिचे तळहात, तळपाय, डोळे सगळं उलटसुलट करून पाहिलं. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तिचं पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. वहिनीच्या रक्तातलंही बरंच उतरलं होतं.

त्या संध्याकाळी दादा चिमणीला गाठून म्हणाला, "आता सगळं स्वच्छ आलंय. तू एकदा तिच्याशी बोलून बघ ना माझ्यासाठी."

"तुझी वकिली एकदा करून झालीय माझी," ती म्हणाली. "आता तूच बोल."

तो बराच वेळ खोलीच्या दाराशी घुटमळला. वहिनी पडद्याचं माप घेत होती, एक टोक खुर्चीला बांधलेलं, दुसरं हातात. तिनं वर पाहिलं.

"उभा आहेस तर हे धर," ती म्हणाली.

त्यानं टोक धरलं. माप घेऊन झालं, तिनं आकडा लिहिला, टोक परत घेतलं आणि कात्री उचलली. दादा तिथंच उभा राहिला. तिनं त्याला जा म्हटलं नाही.