दिवसातून चौदा वंदनं

सभागृहात खुर्च्या दीडशे आणि माणसं तीनशे. ज्यांचं पोट आकडेमोडीवर चालतं असे अभियंते दिशागुरूंच्या पायाशी जागा मिळावी म्हणून एकमेकांना ढकलत होते. आज यान गुरूंना वंदन करणार होतं ना!

यान आकाशात कुठे आहे आणि तोंड कुणीकडे करून आहे, याच्या नोंदी आमचा विभाग ठेवतो. मध्यंतरी संगणकाची आज्ञावली बदलली, म्हणून वर्षभराच्या नोंदी तिच्यातून पुन्हा काढल्या. त्या ताडून बघणं हे माझं काम. नव्या आलेखात यान मध्येच गर्रकन पाठमोरं होऊन पुन्हा सरळ होताना दिसलं. मी शेरा लिहिला, ‘चूक’. विभागप्रमुखांनी तो खोडून लिहिलं, ‘साक्षात्कार’. विभागप्रमुख म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नेमक्या त्याच वेळी त्यांचे गुरू ध्यानाला बसले होते म्हणे! पाठ फिरवण्यालाही वंदन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझी नऊ वर्षांची भाची इन्शुलिनवर आहे. गुरूंनी फर्मावलं होतं, “ज्याला यान वंदन करतं, त्याच्या शब्दापुढे साखर काय टिकणार? वंदन दिसलं की सुई बंद!” सुई बंद झाली तर पोर चार दिवसांत मरणाच्या दारात जाईल, हे डॉक्टरांनी ताईला माझ्यासमोर बजावलं होतं. तरी ताई इन्शुलिनची पेटी गुरूंच्या पायाशी ठेवून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी भाची.

“भक्तहो,” पांढरा झगा सावरत गुरू म्हणाले, “यंत्राला कान नसतात, पण कंपनं असतात! गेल्या सतरा तारखेच्या नोंदी अजून कुणी उघडलेल्या नाहीत. वंदनाची वेळ मी या पाकिटात आधीच लिहिली आहे.”

भाऊजींनी पाकीट फोडलं. “अकरा चाळीस!”

मी पडद्यावर आलेख लावला. अकरा चाळीसला रेघ सरळच्या सरळ. वंदन झालं ते बारा वाजून पाच मिनिटांनी.

टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले. भाऊजी माझ्यावर खेकसले, “काय केलंस तू?”

“शून्य हलवलं, भाऊजी. आपण दिशा उत्तरेपासून मोजतो, मी पूर्वेपासून मोजली. तेच यान, तोच दिवस.”

“देवानेच वेळ बदलली!” गुरू गरजले.

“देवाने नाही, मी. सकाळी, चहा पिता पिता.” मी सभेकडे वळले. “उत्तर म्हणजे शून्य अंश. पूर्ण फेरी झाली की तीनशे साठ, म्हणजे पुन्हा उत्तरच. यान उत्तर ओलांडताना एक नोंद तीनशे एकोणसाठची, पुढची एकची. मधली नोंद नसते, ती आज्ञावली सरासरी काढून भरते. किती येते?”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “एकशे ऐंशी.”

“म्हणजे दक्षिण. नाकासमोर चाललेलं यान कागदावर पाठमोरं. जुनी आज्ञावली हे सांभाळून घ्यायची, नवीत ती काळजी राहून गेली. यानाच्या कॅमेऱ्याने अकरा चाळीसलाही फोटो घेतलाय, तारे जागच्या जागी आहेत. आणि पृथ्वीभोवतीच्या प्रत्येक फेरीत यानाचं तोंड एकदा उत्तर ओलांडतं, म्हणून हेच होतं, दिवसातून चौदा वेळा. त्यातली जेवणाआधीची सोयीची वेळ गुरूंनी उचलली.”

“पण मला आधी कळलं कसं?” गुरू अजून ताठ होते.

“सोमवारी त्या दिवसाच्या चौदाही वेळांची यादी मीच भाऊजींना काढून दिली होती. भाऊजी, ती कुठे गेली?”

भाऊजी खाली बघू लागले. “गुरूंना आशीर्वादासाठी दाखवली होती...” ते म्हणाले. इतका शिकलेला माणूस! मला त्यांची कीवसुद्धा आली नाही, नुसती किळस आली.

“ताई,” मी म्हटलं, “कुठलीही दिशा सांग.”

“दक्षिण,” ताई म्हणाली.

मी शून्य दक्षिणेला नेलं. दोन मिनिटांत आलेख आला. वंदन साडेबाराला.

“बघ, आता तुलाही वंदन करतंय.”

ताई उठली. गुरूंच्या पायाशी ठेवलेली पेटी तिने उचलली आणि भाचीचा हात धरला. “चल गं, जेवायची वेळ झाली. आधी सुई घेऊ.”

“अगं, गुरूंचा शब्द...” भाऊजी आडवे आले.

“बाजूला व्हा,” ताई म्हणाली. भाऊजी बाजूला झाले.

माझा ‘चूक’ हा शेरा मी पुन्हा लिहिला. आता एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी त्यातली एक गोष्ट स्वतःच्या हाताने बदलून बघा. बदलू देत नसतील, तर आपल्या पोराचा हात धरा आणि तिथून उठा.