चौथा ठिपका

"सर, सगळ्या नोंदी चाळून झाल्या. हे चार उरलेत," असे म्हणत तिने आलेखाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ठिपके चारच होते. मीठ मात्र मी तीनदाच टाकले होते.

हे आधी सांगायला हवे. नीट जमेल की नाही, कोण जाणे. विश्वातले बहुतेक द्रव्य कुणालाच दिसत नाही. त्याचा एखादा कण कधीतरी आमच्या टाकीतल्या द्रवाला धडकेल आणि बारीकसा उजेड पडेल, या आशेवर खोल जमिनीखाली बसवलेल्या त्या टाकीपाशी माझी उभी हयात गेली. असा उजेड आलेखावर ठिपका म्हणून उमटतो. तसा उजेड अजून पडलेला नाही. पण फार वाट पाहिली की माणसाला हवे ते दिसू लागते. म्हणून आमच्यात एक रीत आहे. एकाने खऱ्या नोंदींत काही खोट्या गुपचूप मिसळायच्या आणि निवड पक्की झाली की चारचौघांत त्या काढून दाखवायच्या. याला आम्ही मीठ टाकणे म्हणतो. माझ्या तोंडून गुपित कधी फुटत नाही, तेव्हा हे काम बिनविरोध माझ्याकडे आले.

निवड करणारी ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्या गटाची प्रमुख. तिला चारही ठिपके सारखेच. कदाचित सगळे खरे, कदाचित सगळे मीठ. त्यातले तीन माझ्या हातचे आहेत हे एकट्या मला ठाऊक होते. मग चौथा कुणाचा? आणि मी तर लवकरच निवृत्त होणार होतो.

त्या संध्याकाळी घरी मी शीळ घालत होतो म्हणे. पत्नीने कारण विचारले. काही नाही, म्हणालो.

"इतकी वर्षं 'काही नाही' म्हणताना तुमचा चेहरा एवढासा व्हायचा," ती म्हणाली. "आज अगदी नवरदेव दिसताय."

मी पुस्तकात डोके घातले. पान काही उलटले नाही.

आठवडाभराने माझी विद्यार्थिनी पुन्हा माझ्या खोलीत आली. प्रत्येक ठिपक्याच्या वेळी यंत्रे काय करत होती, हे तिने तपासले होते. चौथ्याच्या जरा आधी टाकीतला द्रव फिरवणारा पंप अडखळला होता. पंप अडखळला की खोटा उजेड पडू शकतो, म्हणून त्यानंतरची काही मिनिटे बाद, हा नियम आम्हीच पूर्वी ठरवलेला. पण पंपाचे घड्याळ आणि टाकीचे घड्याळ किंचित मागेपुढे चालतात. ठिपका नियमाच्या आत की बाहेर, हे नेमके सांगता येत नव्हते.

"अगदी काठावर आहे, सर. तुम्ही ठेव म्हणालात तर ठेवते."

त्या घड्याळांवर मी तासभर बोलू शकलो असतो. एरवी कुणी विचारले नाही तरी बोलतो. आज एवढेच विचारले, "हा एकटाच उरला असता तर?"

"तर ठेवायचा फार मोह झाला असता," ती म्हणाली. "म्हणूनच काढला असता."

"मग काढ," मी म्हणालो.

नंतरच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी माझे मीठ उघड केले. पडद्यावरचे तिन्ही ठिपके एकेक करून विझले. म्हणजे आमच्या नजरेला दिसायला हवे ते दिसत होते, आणि दिसण्यासारखे दुसरे काही आलेले नव्हते. या वयातही मिठाचा खडा टाकायची हौस फिटली नाही वाटतं, असे कुणीतरी मला म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही. मंडळी चहाला गेली तरी ती जागची हलली नाही.

"तो चौथा तुमचा नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"तुम्हांला तेव्हाच माहीत होतं."

मी मान डोलावली.

"तो मीठ नाही, एवढा एक शब्द बोलला असतात तर मी ठेवला असता, सर."

"म्हणून तर बोललो नाही," मी म्हणालो, आणि चष्मा पुसू लागलो.

पडदा अजून उजळलेला होता. एक आडवी रेघ, एक उभी, मध्ये काही नाही. ती तिकडेच पाहत होती.

"काय स्वच्छ आलाय ना?" ती म्हणाली.

खरेच, इतका स्वच्छ आलेख आमच्या हातून आजवर निघाला नव्हता.