बिनबटणाची बाराबंदी

पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या, त्याच आठवड्यात माझे वडील, आप्पा, गेले. दसऱ्यानंतर रत्नागिरीत माझ्या कपड्यांचं पहिलं प्रदर्शन होतं. तारीख त्यांच्यासमोर ठरली होती, म्हणून बदलली नाही.

जुनी बाराबंदी मी नव्याने बेतली होती. मऊ सुती कापड, आखूड बाह्या, जीन्सवर शोभेल अशी लांबी. बटण एकही नाही, पूर्वीसारखे कापडी बंदच. शिवणाऱ्या सगळ्या आमच्या पूर्णगडच्या, जाळी दुरुस्त करून हात तयार झालेल्या बायका. मुंबईच्या एका दुकानातर्फे भाविकाताई माल बघायला आल्या होत्या. त्यांनी घेतला तर आमचं शिवणघर चालणार होतं, नाहीतर बंद करावं लागणार होतं.

सकाळी तालीम झाली. कॉलेजात शिकणाऱ्या संध्याला शिवणाऱ्यांतल्या हिराकाकींनी बाराबंदी घातली, बंद बांधले. ती मंचावरून छान चालून आली. पुढचा कपडा घालायचा, तर बंद सुटेनात. नखांनी ओढून झालं, दातांनी झालं. शेवटी कात्री लावली.

"काकी, गाठ कसली मारलीत?"

"जाळ्याची. दुसरी कुठली मारणार?"

"आणि सोडायची कशी?"

"सोडायची?" काकींना प्रश्नच कळेना. "अगो, जाळ्याची गाठ सुटली तर मासे घरी पोचतील काय?"

"काकीने नवऱ्यालाही असाच बांधलान," शिवणाऱ्यांतली मालन म्हणाली. "म्हणून तर अजून घरात आहे."

सगळ्या हसल्या. भाविकाताई हसल्या नाहीत. "मृणाली, गाठी दिसायला राहू देत, पण आतून चेन लाव. कपडा घालायला कुणी शिकवणी लावत नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चेनचं दुकान समोरच होतं, संध्याकाळपर्यंत वेळही होता. पण चेन लावली की ती बाराबंदी उरत नव्हती, बाराबंदीचं सोंग उरत होतं.

मी कापलेल्या बंदांच्या जागी नवे टाचले आणि संध्यासमोर उभी राहून बांधले. हातांनी जी गाठ मारली ती जाळ्याची नव्हती. आप्पा तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. धक्क्याला होडी बांधायची त्यांची गाठ भरतीला दाद द्यायची नाही, आणि दोरीचं मोकळं शेपूट ओढलं की एका हिसक्यात सुटायची. आमच्यात जाळ्याला बायकांचे हात लागतात, होडीच्या दोरीला फक्त पुरुषांचे. आप्पांनी मला ती गाठ भर धक्क्यावर शिकवली होती. कुणी टोकलं तेव्हा एवढंच म्हणाले, "तांडेलाची पोर आहे. दोरी काय तिला चावते?"

"ओढ," मी संध्याला म्हटलं. तिने बाराबंदीच्या दोन्ही बाजू हातांनी ताणल्या. गाठ हलली नाही. मग शेपूट ओढलं, आणि बंद सुटला.

हिराकाकी जवळ येऊन बघत राहिल्या. "दोरीची गाठ ही. आम्हाला कधी कुणी दाखवलीन नाही."

"मी दाखवते."

दुपारभर त्या एकमेकींना बांधत होत्या, सोडत होत्या. मालनने तर खुर्च्याही बांधून पाहिल्या.

संध्याकाळी संध्या मंचाच्या मध्यभागी थांबली आणि एकेक शेपूट ओढत गेली. बाराबंदी उघडली, आतली लाल खणाची चोळी दिसली, आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. आप्पा असते तर पुढच्या रांगेत बसले असते, आणि टाळ्या वाजवायला विसरले असते.

भाविकाताई आत आल्या. हिराकाकींना एक बाराबंदी घालायला लावून त्यांनी स्वतः बंद बांधायला घेतले. दोनदा चुकल्या.

"असं बांधलंस तर होडी जयगडला जाईल, बाय," काकी म्हणाल्या.

पुढच्या खेपेला भाविकाताईंना जमलं. त्यांनी शेपूट ओढून पाहिलं, पुन्हा बांधलं. "चेन नको. सगळा माल असाच घेते. फक्त गाठ शिकवायला सुरुवातीला कुणीतरी दुकानात हवं."

"काकी येतील," मी म्हटलं.

"मी? मुंबईस?" काकी गडबडल्या. मग त्यांनी पदर सारखा केला. "येईन. पण गाठ कुणाची ते पहिलं सांगणार. मगच शिकवणार."

मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

परतताना काकींनी बाराबंदी उतरवलीच नाही. लुगड्यावर तशीच ठेवून टेंपोत पुढे, खिडकीशी बसल्या. पूर्णगडचा बाजार आला तसं ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू घे रे जरा. बघू देत लोकांना."